सेलच्या पहाटेआधी: दुकानाच्या दाराची तयारी

सुट्टीच्या मोठ्या सेलची तयारी म्हटली की आधी माल, पोस्टर आणि बिलिंगची मशिनं आठवतात. माझ्या यादीत पहिलं येतं ते दार. 28 नोव्हेंबर 2008 ला, ब्लॅक फ्रायडेच्या, म्हणजे अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या मोठ्या सेलच्या शुक्रवारी पहाटे, न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅली स्ट्रीम गावी वॉलमार्ट या मोठ्या दुकानाबाहेर दोन हजारांच्या आसपास माणसं जमली होती. पाचच्या सुमारास रेट्याने दारं मोडली आणि तात्पुरत्या नोकरीवरचा 34 वर्षांचा कर्मचारी पायदळी तुडवला जाऊन मेला. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेने, म्हणजे ओशाने, कंपनीला 7,000 डॉलरचा दंड केला आणि गर्दी कशी हाताळावी याच्या सूचना सगळ्या दुकानांसाठी काढल्या. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी दोरी, खडू आणि भोंग्याने होण्यासारख्या आहेत. तरीही एक माणूस त्यांच्याअभावी मेला, हे विसरून यादी करू नये.

रांग दाराला चिकटून सुरू करू नका. दार आणि रांगेचं तोंड यांच्यात मोकळी जागा ठेवा, रांगेला वळणं द्या, मध्ये मध्ये ती तोडा. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की कुणालाच आपल्या मर्जीने हलता येत नाही. मागचा धक्का लाटेसारखा पुढे जातो, आणि मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसतही नाही. अशा वेळी बहुतेक जीव छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून जातात. म्हणून बॅरिकेड माणसं यायच्या आत, आदल्या दिवशीच लागलेले हवेत. गर्दी जमल्यावर लोखंडी कठडे घेऊन तिच्यात शिरणं म्हणजे नवा धोका. दाराजवळच्या ट्रॉल्याही तेव्हाच हलवा.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे आत किती नग आहेत ते बाहेर खरं सांगणं. स्वस्तातले टीव्ही तीस असतील तर रांगेत तीसच टोकनं किंवा मनगटाच्या पट्ट्या वाटा आणि एकतिसाव्या माणसाला तिथेच, दार उघडायच्या कितीतरी आधी, स्पष्ट सांगा. तो चिडेल, दोन शब्द सुनावेल आणि घरी जाईल. रात्रभर थंडीत ताटकळून, आत धावत जाऊन रिकामं फडताळ दिसलं तर तोच माणूस दुसऱ्याच्या हातातलं खोकं ओढेल. त्याच्या वागण्याचं समर्थन मी करत नाही. पण ती वेळ त्याच्यावर आपल्या जाहिरातीने आणली, हे दुकानाने मान्य केलं पाहिजे. भोंग्यावरून अधूनमधून सांगत राहा: दार कधी उघडणार, कोणती वस्तू कुठे आहे, काय संपलं. स्वच्छतागृहाची सोयही हवीच.

आत हव्याहव्याशा वस्तू एका कोपऱ्यात रचू नका, लांब लांब विखुरा. माल दार उघडण्यापूर्वी मांडून ठेवा. लोकांच्या घोळक्यात गठ्ठे फोडायला घेऊ नका. 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोर्टर रँच भागातल्या वॉलमार्टमध्ये व्हिडिओ गेमच्या मालाभोवती झुंबड उडाली असताना एका बाईने डोळे झोंबवणारा पेपर स्प्रे मारला आणि वीसेक जणांना त्रास झाला. ब्रिटनमध्ये 2014 साली टीव्हीवरून हाणामाऱ्या झाल्या, अनेक दुकानांत पोलीस बोलवावे लागले. पुढच्या वर्षी तिथल्या अ‍ॅस्डा या सुपरमार्केटांच्या साखळीने ब्लॅक फ्रायडेचा सेलच केला नाही. सेल बंद न करता नुसता अनेक दिवसांवर पसरवला तरी गर्दीचा जोर उतरतो.

चोरीच्या भीतीने आपत्कालीन दारांना कुलूप घालू नका, त्यांच्यापुढे खोकी रचू नका. आत किती माणसं मावतात तो आकडा दारावरच्या माणसाला पाठ असावा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेला तारीख-वेळ आधी कळवा.

कर्मचाऱ्यांसाठी वेगळं दार हवं, आणि दार उघडताना कुणीही गर्दीच्या वाटेत उभं राहायचं नाही. अंगापिंडाने धिप्पाड आहे म्हणून एखाद्याला दारात रोखायला उभं करणं मला अक्षम्य वाटतं. दोन गिऱ्हाइकं भिडली तर मध्ये पडू नका, आसपासच्यांना बाजूला करा, सुरक्षारक्षकाला बोलवा. टीव्ही फुटला तर फुटू द्या. नव्या, हंगामी पोरांना हे आदल्या दिवशी जागेवर उभं करून दाखवा, कारण कागद कुणी वाचत नाही.

यादीतून हमखास राहणारी गोष्ट अशी: सेल थांबवायचा अधिकार कुणाचा? त्या एका माणसाचं नाव सगळ्यांना माहीत असू द्या. तो मजल्यावर हजर असावा, त्याच्या हातात वॉकीटॉकी असावा, आणि विक्रीच्या आकड्याबद्दल त्याला त्या दिवशी कुणी जाब विचारणार नाही, हे वरिष्ठांनी लेखी द्यावं.