इरकलीवर शोभणारी पॉलिमर क्लेची बोरमाळ

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत लाल टोप पदराची इरकल सणावारी आवर्जून नेसली जाते आणि तिच्यावर बोरमाळ खुलून दिसते. सोन्याची माळ रोज घालणे परवडत नाही. पॉलिमर क्लेची मात्र घरच्या घरी करता येते, आणि साडीच्या काठाशी रंग जुळवून घेण्याची सोयही तिच्यात आहे.

पॉलिमर क्ले ही माती नसून पीव्हीसी हे प्लास्टिक आणि ते मऊ ठेवणारे द्रव्य यांचे मिश्रण आहे. खानापूरच्या कुंभारांची भांडी पावसाळ्यात वाळता वाळत नाहीत. या क्लेचा हवेशी संबंधच नसल्यामुळे ती पावसातही बिनधास्त करावी. ती घट्ट होते केवळ उष्णतेने, तीही ब्रँडनुसार 110 ते 130 अंश सेल्सिअसला.

57 ग्रॅमच्या एका वडीत 10 मिलिमीटरचे सुमारे 50 मणी होतात, म्हणजे एका माळेला ती पुरते. क्ले पोळीच्या कणकेसारखी मऊसर, न चिरणारी होईपर्यंत मळावी. फारच चिकट वाटल्यास दोन पांढऱ्या कागदांत रात्रभर दाबून ठेवावी, म्हणजे जादा द्रव्य कागद शोषून घेतो. पांढरा रंग नेहमी आधी हाताळावा आणि कुंकवासारखा लाल शेवटी, कारण लाल रंग बोटांवर बसतो आणि पुढच्या प्रत्येक मण्यावर उतरतो. सुती कपड्यांचे तंतूही पांढऱ्या क्लेवर लगेच चिकटतात.

मणी एकसारखे यावेत म्हणून अंदाजाने गोळे तोडू नयेत. चकचकीत फरशीच्या तुकड्यावर क्लेची 8 मिलिमीटर जाडीची वळी करावी, पट्टी ठेवून तिचे दर 10 मिलिमीटरला धारदार पात्याने तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा तळहातांत फिरवावा. साधारण 10 मिलिमीटरचा मणी तयार होतो. बोराचा आकार हवा असल्यास गोळा किंचित लांबट करावा. मग मणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावेत, कारण मऊ मणी भोक पाडताना चेपतात. सुई एका बाजूने गोल गोल फिरवत आत न्यावी, दुसऱ्या बाजूला टोकाचा फुगवटा दिसताच बाहेर काढावी आणि त्या फुगवट्यातून उलट दिशेने घालावी. सुई सरळ आरपार ढकलली, तर दुसऱ्या तोंडाशी क्लेची कडा उमलते आणि माळ मानेला टोचते. सोनेरी झाक हवी असल्यास मायका पावडर, म्हणजे अभ्रकाची चमकदार पूड, कच्च्या मण्यांवरच बोटाने चोळावी. त्या वेळी नाकातोंडावर मास्क बांधावा.

माळ बिघडते ती बहुतेक भाजताना. ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत मोठा फरक पडू शकतो, म्हणून आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्यावाच. माझ्या मते बाकी सर्व हत्यारांपेक्षा हा खर्च आधी करावा. कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून त्या खाचांत मणी ठेवावेत, म्हणजे ते चपटे होत नाहीत. वरून अॅल्युमिनियम फॉइल सैल झाकल्यास पांढरा रंग पिवळसर होत नाही. ओव्हन आधी तापवून घ्यावा आणि वेळ पाकिटावर दिली असेल तितकीच, बहुधा अर्धा तास, द्यावी. तापमान फार वाढले तर क्ले जळून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. तसे झाल्यास ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे. मायक्रोवेव्ह मुळीच वापरू नये. क्लेला लावलेले पाते, लाटणे किंवा ताटली पुन्हा स्वयंपाकात नेऊ नये.

गरम मणी मऊच लागतात, तेवढ्यावरून ते कच्चे समजू नयेत. सोबत क्लेची एक पातळ पट्टी भाजावी आणि गार झाल्यावर वाकवून पाहावी. ती कडकन तुटली तर मणी त्याच तापमानाला पुन्हा भाजता येतात.

गार मणी आधी 400, मग 600 आणि 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासावेत. मायका लावलेले मणी मात्र घासू नयेत, त्यांना वॉटर-बेस्ड ॲक्रिलिक वार्निश द्यावे. चकाकीसाठी नेलपॉलिश लावण्याचा मोह अनेकींना होतो, पण त्याने काही दिवसांत पृष्ठभाग चिकट होतो.

ओवण्यासाठी पक्का रेशमी दोरा घ्यावा, दोन मण्यांमध्ये बारीक गाठ मारावी आणि मागे लाल गोंडा लावावा. गोंडा सरकता ठेवल्यास तीच माळ कॉलरच्या ब्लाउजवर आखूड आणि उघड्या गळ्यावर लांब करून घालता येते.