वेबकॅम संगणकापासून लांब बसवताना : कमी खर्चाचे मार्ग

वेबकॅम संगणकापासून लांब बसवायचा असेल, तर काहीही विकत घेण्यापूर्वी तार ज्या वाटेने जाणार आहे त्या वाटेनेच टेप लावून अंतर मोजावे. सरळ रेषेतले अंतर आणि भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून वळत जाणाऱ्या तारेची लांबी यांत बराच फरक पडतो, आणि कोणता उपाय स्वस्त पडेल हे मुख्यतः या आकड्यावर ठरते.

यूएसबी २.० मध्ये एका केबलची लांबी ५ मीटरपर्यंतच ठेवावी लागते. लांब तारेत सिग्नल क्षीण होतो हे त्याचे एक कारण आहे. दुसरे असे, की संगणकाने विचारणा केल्यावर उपकरणाचे उत्तर ठरावीक वेळेत परत यावे लागते आणि तार लांबली की ते उशिरा पोहोचते. म्हणून साध्या एक्स्टेन्शन केबली एकीला एक जोडत गेल्यास कधी चित्र गोठते, तर कधी कॅमेरा ओळखलाच जात नाही. वेबकॅमची स्वतःची तारही या ५ मीटरमध्येच धरायची असते.

साधारण १५ मीटरपर्यंत अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन केबल हा माझ्या मते सर्वांत सरळ उपाय आहे. तिच्या टोकाशी हबसारखी (हब म्हणजे एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) चिप असते आणि ती सिग्नल नव्याने तयार करून पुढे पाठवते. संगणक आणि उपकरण यांच्यामध्ये जास्तीत जास्त पाच हब चालतात, परंतु त्याआधीच अडचण येते ती विजेची. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. त्यातला काही प्रत्येक चिप वापरते आणि बारीक तारेत व्होल्टेजही घटते. कॅमेऱ्याचा दिवा लागतो, पण चित्र सुरू होताच जोडणी तुटते, असे झाल्यास आधी विजेवरच संशय घ्यावा. कॅमेऱ्याच्या टोकाला स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर असलेला हब लावला की बहुधा ही तक्रार मिटते. केबल निवडताना तिच्यावर छापलेला एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे माप) आकडा पाहावा: तो जितका लहान, तितकी आतली तार जाड.

यूएसबीचा सिग्नल लॅन केबलमधून नेण्यासाठी तिच्या दोन्ही टोकांना लावायच्या छोट्या डब्या फार स्वस्त मिळतात, मात्र त्यांतल्या अनेक केवळ १२ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चालतात. ६४० × ४८० आकाराच्या, सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेम्सच्या) असंपीडित, म्हणजे न दाबलेल्या चित्राला सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट लागतात, तेव्हा अशा डबीतून काय दिसेल याचा अंदाज करावा. वेष्टनावर यूएसबी २.० चा ४८० मेगाबिट वेग स्पष्ट लिहिलेला नसेल, तर ती घेऊ नये.

याहून लांब जायचे असल्यास यूएसबीचा हट्ट सोडून चित्र नेटवर्कवरून आणणे शहाणपणाचे. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. पडून असलेला स्मार्टफोन कॅमेरा अ‍ॅप घालून वाय-फायवर वापरल्यास नवा खर्च जवळजवळ होतच नाही. जुना लॅपटॉप असेल, तर वेबकॅम त्यालाच जोडून चित्र पुढे पाठवता येते. संगणकावर ओबीएस स्टुडिओसारखी मोफत प्रणाली ते चित्र घेऊन आभासी कॅमेरा म्हणून इतर कार्यक्रमांना देऊ शकते. नेटवर्कवरून येणारे चित्र थोडे मागे राहते. नुसत्या देखरेखीला त्याने बिघडत नाही, संभाषणाला मात्र ते खटकते. सतत चार्जरवर असलेला फोन तापतो, म्हणून तो उन्हात किंवा बंद खोक्यात ठेवू नये, आणि अ‍ॅपला पासवर्ड लावल्याशिवाय तो नेटवर्कवर सुरू करू नये.

कोणताही मार्ग निवडला, तरी भिंतीला खिळे मारण्यापूर्वी सगळी साखळी टेबलावर जोडून काही तास चालू ठेवावी. मग तार बसवताना ती विजेच्या वायरिंगपासून दूर न्यावी, तीव्र वळणे टाळावीत आणि कॅमेऱ्याजवळ थोडी सैल ठेवावी. अ‍ॅक्टिव्ह केबल एकाच दिशेने चालते, त्यामुळे ती ओवण्याआधी तिचे प्लगचे टोक संगणकाकडे आहे ना, हे तपासून घ्यावे.