पिस्तुलावर तर्री
परवान्यावरचं माझं .३२ पिस्तूल पूर्ण आकाराचं, हातात छान भरतं. पण मे महिन्यात रेंजवर दर दुसऱ्या मॅगझिनला झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागात, उभीच अडकायची. आधी काडतुसांना शिव्या घातल्या. मग मनगट तपासलं. पकड ढिली असली तर स्लाइड पुरती मागे जात नाही. तेही नव्हतं. शेवटी एका जुन्या कारागिरानं स्लाइड काढून नुसतं बोट फिरवलं. "काहून बाप्पा, पिस्तूल हाय का तर्री-पोहा?"

खरंच, मी तेल ओतलंच होतं. त्यावर नागपूरची उन्हाळी धूळ बसून एक्स्ट्रॅक्टरखाली, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याखाली, काळा चिकटा साचलेला. मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं, सगळं ब्रशनं घासून पुसलं; स्लाइड ज्यांवर सरकते त्या रेल्सवर फक्त थेंबभर तेल. नंतरच्या ५० फैरी विनातक्रार.