एचिंग खरं की छापील नक्कल? घेण्याआधी एवढं तपासा

हाताने छापलेलं एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून, त्यांत शाई भरून कागदावर घेतलेला छाप) म्हणून ऑफसेट किंवा इंकजेटची प्रत गळ्यात पडू शकते. आधी चित्र फ्रेममधून बाहेर काढायला लावा; काचेआडून खात्री होत नाही.

१. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च कागदाच्या कडेने, जवळजवळ आडवा धरा. खोल कोरलेल्या रेषांतली शाई कागदावर किंचित उठलेली दिसते. ऑफसेटची शाई सपाट असते.

२. १० पट भिंगातून करड्या छटा पाहा. एकसारख्या ओळीतले ठिपके किंवा निळे-गुलाबी-पिवळे कण दिसले, तर घेऊ नका. अ‍ॅक्वाटिंटलाही (एचिंगमध्ये छटा आणायची रीत) दाणे असतात, पण ते वेडेवाकडे, एकमेकांना चिकटलेले. नवखे इथेच फसतात, म्हणून घाई नको.

३. सही आणि क्रमांक भिंगाखाली पाहा. पेन्सिल असेल तर ग्रॅफाइट तिरप्या उजेडात चमकतं. १२/५० म्हणजे ५० प्रतींच्या आवृत्तीतली १२ क्रमांकाची प्रत. ए/पी म्हणजे चित्रकाराची प्रत, ती या ५० मध्ये मोजत नाहीत.

सावधान: चित्राभोवती प्लेटचा दबलेला चौकोन आहे, एवढ्यावर पैसे देऊ नका. कोऱ्या प्लेटने दाबून तो नकलेवरही उठवता येतो.