प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर बंद होतंय? डेटा हलवताना या चुका टाळा

प्रोजेक्टचं वेळापत्रक ठेवणारं सॉफ्टवेअर बंद होणार अशी नोटीस आली, एक्सपोर्टचं बटण दाबलं, फाइल डाउनलोड झाली, की झालं काम असं समजून जळगाव-धुळ्याकडच्या किती तरी ऑफिसात लोक निवांत बसलेत, आणि मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. फाइल निघाली म्हणजे प्रोजेक्ट निघाला असं होत नाही. कामांची नावं आणि तारखा येतात, पण कोणतं काम कशामुळे अडलंय, तारीख कोणी कधी बदलली, जादा कामाला होकार कोणी दिला होता, हे सगळं बऱ्याचदा जुन्या सॉफ्टवेअरमध्येच राहून जातं आणि सर्व्हर बंद झाला की संपलं. म्हणून साइट चालवणाऱ्या, फॅक्टरीत प्लॅनिंग बघणाऱ्या आपल्या खान्देशातल्या लोकांसाठी हे सविस्तर लिहितोय.

"बंद" म्हणजे नेमकं काय बंद, हेच न वाचणं

नोटीस आली की ग्रुपवर फॉरवर्ड होते, नीट वाचत कोणीच नाही. बंद होण्याचे प्रकार वेगवेगळे असतात भो. जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला, पण ज्यांच्या स्वतःच्या मशीनवर ती होती त्यांची चालू राहिली, फक्त सिक्युरिटीचे अपडेट थांबले, म्हणजे धोका हळूहळू वाढत गेला. तसंच दुसरं एक टूल, पिव्होटल ट्रॅकर, मात्र ३० एप्रिल २०२५ ला सरळ बंदच झालं. मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवर चालणारं प्रोजेक्ट ऑनलाइन ३० सप्टेंबर २०२६ ला बंद, नवीन ग्राहकांना विक्री तर १ ऑक्टोबर २०२५ पासूनच थांबवलेली. पण कॉम्प्युटरवर टाकलेलं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट त्या तारखेला बंद होत नाही, त्याच्या एमपीपी फाइली उघडत राहणार, आणि कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोजेक्ट सर्व्हरची सबस्क्रिप्शन एडिशनही चालू आहे. प्रोजेक्ट सर्व्हर २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंतचाच. हे न वाचता कोणी घाबरून भलतंच महागडं पॅकेज घेऊन बसतं, तर कोणी "चालतंय ना अजून" म्हणत शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतं.

शेवटचा आठवडा धरूच नका. २०२६ च्या सप्टेंबरात पोळा आणि गणपती दोन्ही आहेत, माणसं अर्धी गावी आणि अर्धी मंडळात, त्यात डेटा तपासायला कोण बसणार.

लिंक तुटलेल्या कळत नाहीत, आणि हीच सगळ्यात महागात पडते

समजा साक्रीकडे सोलरची साइट आहे. पाइलिंग सुरू झाल्यावर पाच दिवसांनी केबल ट्रेंचिंग सुरू करायचं असं जुन्या शेड्यूलमध्ये बांधलेलं, म्हणजे स्टार्ट-टू-स्टार्ट लिंक आणि वर पाच दिवसांचा लॅग, म्हणजे मधलं अंतर. साध्या सीएसव्हीतून, म्हणजे नुसत्या ओळी-रकान्यांच्या फाइलीतून, नवीन टूलमध्ये आणलं की दोन्ही कामं आपापल्या तारखेवर बरोबर दिसतात, बार चार्टही छान दिसतो, साहेब खूश. मग पाऊस लागतो, पाइलिंग दहा दिवस पुढे ढकलावं लागतं, तुम्ही तारीख बदलता आणि ट्रेंचिंग जागच्या जागी. ते हललंच नाही, कारण दोघांमधला संबंध आलाच नव्हता, आली होती फक्त तारीख. जेसीबीवाला ठरल्या दिवशी येऊन उभा राहतो आणि भाडं चालू होतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. चालू असलेला एकच प्रोजेक्ट आधी हलवा, सगळ्यात सोपा नाही तर सगळ्यात गुंतागुंतीचा घ्या. जुन्यात आणि नव्यात एकूण कामं किती, लिंक किती, शेवटची तारीख काय, अपूर्ण कामं किती हे शेजारी शेजारी लिहा. आकडे जुळले तरी थांबू नका, सुरुवातीचं एक काम दोन्हीकडे दहा दिवस पुढे ढकला आणि प्रोजेक्टची शेवटची तारीख दोन्हीकडे सारखी येते का बघा. नाही आली तर एक तर लिंक तुटल्यात, नाहीतर कॅलेंडर वेगळं आहे.

कॅलेंडरचं लोक हमखास विसरतात. नवीन टूल स्वतःचं कॅलेंडर घेऊन येतं, शनिवार-रविवार सुट्टी आणि बाकी सगळे दिवस काम. आपल्याकडे रविवारीही साइट चालते, पण आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माणूस मिळत नाही, श्रावणात कानबाईच्या सणाला मिळत नाही, आणि होळीच्या दिवसांत धडगाव-अक्कलकुव्याकडची मंडळी साइटवर थांबत नाहीत म्हणजे नाहीत, काठी गावची होळी सोडून कोण येईल कामावर? जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी वर्षानुवर्षं हे दिवस भरून ठेवलेले असतात, ती यादी वेगळी काढून घ्या आणि तारखा टाकायच्या आधी नवीन टूलमध्ये भरा. नंतर भरली तर सगळं शेड्यूल पुन्हा सरकतं.

सीएसव्ही डबल क्लिक करून उघडणं

मराठीत लिहिलेली कामं एक्सेलमध्ये उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसतात आणि लोक म्हणतात डेटा खराब झाला. डेटा खराब नसतो, एक्सेलने चुकीच्या पद्धतीने वाचलेला असतो. फाइलवर डबल क्लिक करू नका. कोरी एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा, मराठी जशीच्या तशी येते. चुकीची दिसत असताना सेव्ह मात्र करू नका, मग खरंच बिघडते.

तारखांचं यापेक्षा वाईट, कारण त्या गुपचूप बदलतात. मशीनची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०८/२०२६ म्हणजे आपली ५ ऑगस्ट ती ८ मे म्हणून वाचते. २५/०८ ला मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे तिला समजत नाही, ती तशीच अक्षरं म्हणून ठेवते. म्हणून तारखांच्या कॉलममध्ये काही तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे दिसल्या की लगेच ओळखा, उजवीकडच्या उलट्या झाल्यात. कामाचा नंबरही बघा, १.१० चं १.१ होऊन जातं आणि दोन वेगळ्या कामांना एकच नंबर पडतो. हे कॉलम आत घेतानाच टेक्स्ट म्हणून घ्यायचे.

माणसं नावाने जुळवणं

आपल्याकडे एका साइटवर तीन पाटील, दोन महाजन आणि दोन चौधरी हे काही विशेष नाही. नावाने मॅपिंग केलं की एका पाटलाची कामं दुसऱ्या पाटलाच्या खात्यात. ईमेलने जुळवा. आणि जे नोकरी सोडून पुण्याला गेलेत त्यांची जुनी कामं बऱ्याच टूलमध्ये बिननावाची होतात, म्हणून खाती काढून टाकायच्या आधी एक्सपोर्ट घ्या.

जुना इतिहास "काय करायचाय" म्हणून सोडून देणं

इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. सरकारी काम असो की खाजगी, मुदतवाढ मागताना पहिला प्रश्न असतो की मूळ वेळापत्रक काय होतं आणि उशीर कोणामुळे झाला. ते मूळ वेळापत्रक म्हणजे बेसलाइन. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका प्रोजेक्टच्या अकरा बेसलाइन ठेवता येतात, आणि साध्या एक्सपोर्टमध्ये त्यातली एकही येईलच असं नाही. जागा ताब्यात उशिरा मिळाली, ड्रॉइंग उशिरा आलं, याची नोंद कॉमेंटमध्ये पडलेली असते, आणि ती कॉमेंट गेली की दंड तुमच्या बिलातून कापला जातो.

म्हणून प्रत्येक प्रोजेक्टची मूळ फाइल, म्हणजे एमपीपी असेल तर एमपीपी, प्रायमावेरा या शेड्यूलिंग सॉफ्टवेअरची एक्सईआर असेल तर एक्सईआर, तशीच्या तशी ठेवा, सोबत बेसलाइनसकट पीडीएफ, आणि कॉमेंटचा वेगळा एक्सपोर्ट. अटॅचमेंट खरोखर उतरवून घ्या, सीएसव्हीत बऱ्याचदा फक्त लिंक येते आणि सर्व्हर बंद झाल्यावर ती लिंक कुठेच जात नाही. प्रोजेक्ट ऑनलाइनवाल्यांची कागदपत्रं बहुतेक शेअरपॉइंटच्या साइटवर असतात, ती शेड्यूलच्या फाइलसोबत येत नाहीत, वेगळी काढावी लागतात. त्यात बिलांच्या पीडीएफ असतील तर जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात, हेही लक्षात ठेवा.

दोन्ही टूल बरेच दिवस सोबत चालवणं

"सवय होईपर्यंत दोन्हीकडे भरा" असं सांगितलं की साइट इंजिनिअर कुठेच नीट भरत नाही, अर्धं इकडे, अर्धं तिकडे, बाकीचं व्हॉट्सअ‍ॅपवर. एक तारीख ठरवा, त्या दिवसापासून जुनं फक्त वाचण्यापुरतं ठेवा. ही तारीख मार्चएंडला नको, बिलांच्या गडबडीत कोणाचंच लक्ष नसतं.

त्याआधी जुन्या सॉफ्टवेअरमधून आपोआप काय काय जातं ते लिहून काढा. पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या टूलमधले रिपोर्ट, दर सोमवारी क्लायंटला जाणारा मेल, एमआयएसवाल्याची, म्हणजे साहेबांसाठी आकडेवारी काढणाऱ्याची, एक्सेल जी आतून तिथूनच डेटा ओढते. प्रोजेक्ट ऑनलाइनच्या ओडाटा फीडवर, म्हणजे रिपोर्टना डेटा पुरवणाऱ्या जोडणीवर, चालणारे रिपोर्ट सर्व्हिससोबतच बंद पडणार, आणि ते कोणी बनवले होते हे बऱ्याच ऑफिसात कोणालाच आठवत नसतं.

नवीन टूल घेताना डेमो ऑफिसच्या वायफायवर बघू नका. तोरणमाळच्या बाजूला साइट असेल तर तिथे फोन घेऊन जा, रेंज नसताना काम भरलं जातं का आणि रेंज आल्यावर आपोआप वर चढतं का ते बघा. आणि नवीन टूलमधून सगळा डेटा बाहेर कसा काढायचा हे पैसे भरायच्या आधी विचारा, नुसतं विचारू नका, ट्रायलमध्ये काढून बघा.

यातलं काहीही सुरू करायच्या आधी जुन्या सॉफ्टवेअरचं अ‍ॅडमिन लॉगिन कोणाकडे आहे ते शोधा. पूर्ण एक्सपोर्ट बहुतेक ठिकाणी अ‍ॅडमिनलाच घेता येतो, आणि ते खातं सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर असेल, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जात असेल, तर सपोर्टवाले अजून फोन उचलतायत तोवरच ते आपल्या नावावर करून घ्या.