कोलोरॅडोच्या झिप कोडची लोकसंख्या कशी काढावी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या व्हेल या स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला दोन झिप कोड आहेत, ८१६५७ आणि ८१६५८. पहिल्यात घरं आहेत, दुसऱ्यात फक्त पोस्टातल्या भाड्याच्या टपालपेट्या. दुसऱ्याची लोकसंख्या शोधायला गेलात तर जनगणनेच्या तक्त्यात ती ओळच सापडणार नाही. मग माणूस कुठल्या तरी खासगी संकेतस्थळावर जातो, तिथे काहीतरी आकडा मिळतो आणि तोच अहवालात चिकटतो. कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात ही चूक फार होते.

कारण साधं आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने १ जुलै १९६३ला झिप कोड सुरू केले ते पत्रांची वर्गवारी लवकर व्हावी म्हणून. झिप कोड ही पोस्टमनच्या वाटपाची सोय आहे, त्याला नकाशावर आखलेली हद्द नसते. आपल्याकडे श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला आणि १५ ऑगस्ट १९७२पासून लागू झालेला पिन कोडही टपालासाठीच आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे कळायला जड जाऊ नये. जनगणना मात्र जमिनीच्या तुकड्यांवर होते. म्हणून ती करणाऱ्या सेन्सस ब्युरोने २००० सालच्या जनगणनेपासून झिप कोडशी जुळते तुकडे स्वतःच तयार केले. त्यांना ‘झिप कोड टॅब्युलेशन एरिया’ म्हणतात. या कामातली माणसं त्याला नुसतं ‘झिक्टा’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. जनगणनेच्या प्रत्येक छोट्या ब्लॉकमध्ये ज्या झिप कोडचे पत्ते सर्वांत जास्त, तो कोड त्या ब्लॉकला दिला जातो आणि असे ब्लॉक जोडून झिक्टा बनतो. म्हणजे तुम्हाला मिळणारी लोकसंख्या झिक्टाची असते, झिप कोडची नव्हे. बहुतेक ठिकाणी दोन्ही जवळजवळ सारखे असतात. जिथे नसतात, तिथे पुढच्या पायऱ्या कामाला येतात.

(या लेखात आकडे देवनागरीत आहेत. शोधपेटीत मात्र इंग्रजी अंकच टाका, नाहीतर काहीच सापडणार नाही.)

पायरी १ : हातातला कोड कोणत्या जातीचा आहे ते बघा

कोलोरॅडोचे कोड ८००पासून ८१६पर्यंतच्या तीन अंकांनी सुरू होतात. या तीन अंकांवरून टपाल कुठल्या केंद्राशी बांधलेलं आहे ते कळतं: ८०२ डेन्व्हर, ८०३ बोल्डर, ८०९ कोलोरॅडो स्प्रिंग्ज, ८१० प्वेब्लो, ८१३ दुरँगो, ८१५ ग्रँड जंक्शन, ८१६ ग्लेनवुड स्प्रिंग्ज. यातून भूगोलाचा अंदाज येतो, पण तो ताणू नका. ब्रेकनरिज (८०४२४) आणि व्हेल (८१६५७) नकाशावर शेजारी दिसतात. मधे खिंड आहे आणि टपालाच्या दृष्टीने त्यांची तोंडं दोन दिशांना आहेत.

टपाल खात्याच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकून गावाचं नाव शोधायची सोय आहे. तिथे कोड तपासा. साधा कोड असेल तर पुढे चला. फक्त टपालपेट्यांचा असेल (व्हेलचा ८१६५८, अ‍ॅस्पेनचा ८१६१२), तर त्याला सहसा स्वतंत्र झिक्टा नसतो. त्याच गावाचा साधा कोड घ्या. एकाच संस्थेला दिलेला कोड असेल, जसा बोल्डरच्या विद्यापीठाचा ८०३०९, तर तिथे ‘रहिवासी’ शोधू नका.

क्रेस्टेड ब्यूट आणि सिल्व्हरटनसारख्या गावांत घरपोच टपालच येत नाही. गावकरी पोस्टात जाऊन आपल्या पेटीतून पत्रं आणतात. तुमच्याकडे ग्राहकांची यादी असेल तर या गावांतले पत्ते ‘पेटी क्रमांक अमुक’ असे असतील. घर कुठल्या आळीत आहे हे त्यावरून कळणार नाही. अशा यादीचा नकाशा केलात तर सगळे ठिपके पोस्टाच्या इमारतीवर येऊन बसतील.

पायरी २ : कोणता आकडा हवा ते ठरवा

पर्याय दोन. पहिला, १ एप्रिल २०२०ची प्रत्यक्ष मोजणी. त्यासाठी २०२०च्या जनगणनेतल्या ‘डेमोग्राफिक अँड हाउसिंग कॅरॅक्टरिस्टिक्स’ या संचातला पी१ हा तक्ता. दुसरा, ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या ब्युरोच्या नमुना पाहणीचा पाच वर्षांचा अंदाज, तक्ता बी०१००३. या सर्व्हेचे एका वर्षाचे आकडे झिक्टासाठी निघतच नाहीत, ते शोधण्यात वेळ घालवू नका.

नुसती माणसं मोजायची असतील तर पहिला घ्या. उत्पन्न, शिक्षण, प्रवासाचा वेळ असं काही सोबत हवं असेल तर दुसरा. दोघांची सरमिसळ करून ‘वाढ’ काढू नका. एक त्या दिवसाचा फोटो आहे, दुसरी पाच वर्षांची सरासरी.

पायरी ३ : तक्ता उतरवा

डेटा डॉट सेन्सस डॉट गव्हवर जा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्च’ उघडा. ‘जिऑग्राफीज’मध्ये ‘झिप कोड टॅब्युलेशन एरिया’ निवडा. एक-दोनच कोड हवे असतील तर ते टाका. पूर्ण राज्य हवं असेल तर देशातले सगळे झिक्टा निवडून तक्ता उतरवणं सोपं. २०२०पासून झिक्टा राज्यांच्या चौकटीत बसवलेले नाहीत, म्हणून ‘फक्त कोलोरॅडो’ असं बटण शोधलंत तर पंचाईत होते. तेहतीस हजारांहून जास्त ओळी येतील. एक्सेलला त्या जड नाहीत.

पायरी ४ : साफसफाई

फाइलमध्ये शीर्षकाच्या दोन ओळी असतात. पहिली स्तंभांच्या सांकेतिक नावांची, दुसरी त्यांच्या अर्थाची. दुसरी काढून टाका, नाहीतर संपूर्ण स्तंभ मजकूर म्हणून धरला जातो आणि बेरीज शून्य येते. पहिल्या स्तंभात एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. त्यातले शेवटचे पाच अंक म्हणजे तुमचा कोड. एक्सेलच्या ‘राइट’ फंक्शनने ते वेगळे काढा.

आता एक फसवी गोष्ट. न्यू जर्सीच्या आकड्यांवर काम केलेल्यांना झिप कोडच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल गिळतं हे ठाऊक असतं. कोलोरॅडोचे झिप कोड ८ने सुरू होतात, त्यामुळे इथे माणूस गाफील राहतो. पण कोलोरॅडोचा राज्य क्रमांक ०८ आहे आणि काउंटीचे (राज्याखालच्या, आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) क्रमांक त्यानेच सुरू होतात: डेन्व्हर ०८०३१, एल पासो ०८०४१. एक्सेल त्यांचं ८०३१ आणि ८०४१ करून टाकतं आणि पुढे दोन तक्ते जोडताना एकही ओळ जुळत नाही. फाइल दुहेरी क्लिकने उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि तो स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून सांगा.

पायरी ५ : कोलोरॅडो गाळून घ्या आणि ताळा करा

८००ते ८१६ने सुरू होणारे कोड ठेवा, बाकीचे काढा. त्यांची बेरीज राज्याच्या अधिकृत आकड्याशी ताडून बघा. २०२०ला तो ५७,७३,७१४ होता (२०१०ला ५०,२९,१९६). बेरीज जवळ येईल, पण तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पोस्टमनची फेरी राज्याच्या सीमेवर थांबत नाही. लॅरिमर काउंटीतलं ग्लेनडेव्ही हे कोलोरॅडोत आहे, पण तिथला टपालाचा पत्ता वायोमिंगमधल्या जेल्मचा, कोड ८२०६३. फरक लाखाच्या घरात गेला तर मात्र दोष सीमेचा नाही, गाळणी चुकली आहे.

पायरी ६ : काउंटी आणि गाव जोडताना

सर्वांत जास्त चुका इथे होतात. पत्त्यातलं गावाचं नाव हे पोस्टाचं नाव असतं, नगरपालिकेचं नव्हे. ग्लेनडेल हे छोटं शहर चारही बाजूंनी डेन्व्हरने वेढलेलं आहे. कोड ८०२४६, पत्त्यात लिहितात ‘डेन्व्हर’. प्रत्यक्षात ग्लेनडेल अरापाहो काउंटीत आहे आणि ८०२४६चा उरलेला भाग डेन्व्हर काउंटीत. या कोडची सगळी माणसं ‘डेन्व्हर’मध्ये धरलीत तर डेन्व्हर फुगतं. दक्षिणेला हायलँड्स रँच आहे; २०२०ला तिथे १,०३,४४४ लोक होते, तरी ती नगरपालिकाच नाही. ब्रूमफील्ड तर १५ नोव्हेंबर २००१ला चार काउंट्यांचे तुकडे काढून नवी काउंटी झाली. तिथले ८००२०, ८००२१ आणि ८००२३ हे कोड अजून शेजारच्या काउंट्यांत पाय पसरून आहेत.

यावर उपाय म्हणजे झिप कोडचा किती वाटा कोणत्या काउंटीत येतो ते सांगणारा विभागणीचा तक्ता. अमेरिकेच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याच्या संकेतस्थळावर तो दर तिमाहीला येतो. मोफत नोंदणी करावी लागते. ‘झिप ते काउंटी’ ही फाइल घ्या. उलट दिशेचीही फाइल असते आणि नावं सारखीच दिसतात. योग्य फाइलमध्ये एका झिप कोडच्या सगळ्या ओळींतल्या निवासी गुणोत्तराची (म्हणजे घरांच्या पत्त्यांच्या वाट्याची) बेरीज १ येते. दोन-चार कोडांवर हे आधी तपासा.

मग गुणाकार. समजा एका कोडमध्ये ३०,००० लोक आहेत आणि निवासी गुणोत्तर एका काउंटीला ०.८५, दुसरीला ०.१५ आहे. पहिलीच्या वाट्याला २५,५००, दुसरीच्या ४,५००. गुणोत्तर निवासीच घ्या. ‘एकूण’ घेतलंत तर दुकानं आणि कचेऱ्याही हिशेबात येतात. सेन्सस ब्युरोची स्वतःची जोडणी फाइलही आहे, पण २०२०च्या फाइलमध्ये क्षेत्रफळ आहे, लोकसंख्या नाही. डोंगरात क्षेत्रफळाने वाटणी म्हणजे रिकाम्या जंगलाला माणसं वाटणं. आणि घरपोच टपाल नसलेल्या गावांत गृहनिर्माण खात्याच्या गुणोत्तरावरही डोळे मिटून विसंबू नका, कारण ते टपाल खात्याच्या पत्त्यांवर उभं आहे.

पायरी ७ : डोंगराचा हिशेब वेगळा

जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या घरी मोजते. सुट्टीपुरतं येणाऱ्याचं घर ‘रिकामं’ धरलं जातं. समिट काउंटीत (ब्रेकनरिज, फ्रिस्को, डिलन, सिल्व्हरथॉर्न) २०१०ला २७,९९४ माणसं होती आणि घरं २९,८४२. माणसांपेक्षा घरं जास्त! पाणी, कचरा, अग्निशमन यांचं नियोजन नुसत्या लोकसंख्येवर केलंत तर फेब्रुवारीतल्या शनिवारी कोसळेल. म्हणून अशा कोडांसाठी पी१सोबत एच१ (एकूण घरं) आणि एच५ (रिकाम्या घरांचे प्रकार) हे तक्तेही उतरवा. एच५मधली ‘हंगामी वापर’ ही ओळ तुमच्या कामाची.

उलट बाजूने तुरुंग, वसतिगृहं आणि लष्करी तळ आकडा फुगवतात. फ्लॉरेन्समधल्या (८१२२६) संघराज्याच्या तुरुंगांतले कैदी तिथलेच रहिवासी मोजले जातात. एअर फोर्स अकॅडमीच्या कोडांत (८०८४० आणि ८०८४१) छात्र. सरासरी वय किंवा स्त्री-पुरुष प्रमाण विचित्र दिसलं की आधी हे बघा.

घनता काढायची असेल तर ब्युरोच्या ‘गॅझेटियर’ फाइलमधून झिक्टाचं जमिनीचं क्षेत्रफळ घ्या. ते चौरस मीटरमध्ये असतं, दहा लाखांनी भागा. पण घनतेचा आकडा डोंगरात फसवतो. सिल्व्हरटन (८१४३३) ज्या सान हुआन काउंटीत आहे तिथे २०२०ला ७०५ माणसं होती, क्षेत्र सुमारे हजार चौरस किलोमीटर. चौरस किलोमीटरला एक माणूसही नाही. प्रत्यक्षात त्यातली ६२२ माणसं सिल्व्हरटन गावात दाटीने राहतात आणि बाकी सगळा कडेकपारींचा मुलूख.

पायरी ८ : लहान आकड्यांना किती मानायचं

२०२०च्या मोजणीत कुणाची वैयक्तिक माहिती ओळखता येऊ नये म्हणून ब्युरोने राज्याखालच्या आकड्यांत जाणूनबुजून थोडी भेसळ केली आहे. राज्याची बेरीज खरी, घरांची संख्याही खरी. माणसांची संख्या मात्र लहान जागी थोडी इकडेतिकडे. पंधरा हजारांच्या कोडला त्याने फरक पडत नाही. साठ माणसांच्या कोडला पडतो.

सर्व्हेच्या आकड्याशेजारी ‘मार्जिन ऑफ एरर’ असतो, म्हणजे खरा आकडा किती वरखाली असू शकतो त्याचा अंदाज, ९० टक्के खात्रीचा. समजा लोकसंख्या २४०, मार्जिन ११०. मार्जिनला १.६४५ने भागा : सुमारे ६७. त्याला २४०ने भागा : २८ टक्के. आमचा ठोकताळा असा, की हे प्रमाण ३०च्या वर गेलं तर तो कोड एकटा छापू नये, शेजारच्या कोडात मिसळावा. मिसळताना लोकसंख्येची सरळ बेरीज करा, मार्जिनची नाही. मार्जिनचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. ११० आणि ८०चं उत्तर १९० येत नाही, सुमारे १३६ येतं. लागोपाठच्या दोन पाच-वर्षी संचांची तुलना करू नका. त्यांतली चार वर्षं सामाईक असतात. २०१० आणि २०२०ची तुलना करताना झिक्टाची हद्द बदलली नाही ना, हे नकाशावर नकाशा ठेवून बघा.

शेवटी तारीख लिहायला विसरू नका. ३० डिसेंबर २०२१च्या मार्शल वणव्यात लुईसव्हिल आणि सुपिरियर (८००२७) इथली शेकडो घरं एका दिवसात जळाली. २०२०च्या तक्त्यात ती घरं आणि त्यातली माणसं अजून जागच्या जागी आहेत. अशा ठिकाणी ताजा आकडा हवा असेल तर कोलोरॅडोच्या स्टेट डेमोग्राफी ऑफिसचे वार्षिक अंदाज बघा. ते काउंटी आणि नगरपालिकेचे असतात, झिप कोडचे नाहीत, तेव्हा पायरी ६ पुन्हा करावी लागेल.