सापांसाठी रॅक करताय? आधी टब आणा, मग सुताराला फोन करा

रॅक म्हणजे काय, तर एक उभा सांगाडा, त्यात खणात सरकणारे प्लास्टिकचे टब आणि प्रत्येक खणात मागच्या बाजूला हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी चपटी पट्टी. टबाला वेगळं झाकण नसतं, वरची फळी हेच झाकण. दिसायला सोप्पं आहे आणि करायलाही फार अवघड नाहीये, पण दोन ठिकाणी अजिबात तडजोड चालत नाही, एक म्हणजे टब आणि वरच्या फळीतली फट आणि दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून टेप चालू-बंद करणारं यंत्र. बाकी सगळं थोडं इकडंतिकडं झालं तरी निभतं.

त्याआधी कागदपत्रांचं. आपल्याकडचा रानातला साप पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग ती धामण असो नाहीतर अजगर, आणि देशी साप बघायचे असतील तर पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान आहे की. घरात साप निघाला तर वनविभागाच्या १९२६ ला फोन करा. हे सगळं लिहितोय ते बॉल पायथन, कॉर्न स्नेक अशा बाहेरच्या जातींसाठी. त्यातही बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतो, म्हणून सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथून सरळ उठून या.

आता रॅक कुणी करावा? एक-दोनच साप असतील तर करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा समोर काच असलेलं चांगलं मोठं घर करा, साप दिसतोही आणि त्याला हिंडायला जागाही मिळते. रॅक उपयोगी पडतो पिल्लं असतील तेव्हा, नवीन आलेला साप वेगळा ठेवायचा असेल तेव्हा, किंवा एकाच जातीचे पाच-सहा असतील आणि जागा कमी असेल तेव्हा. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेत दिवसाचा बराच वेळ बिळात काढतो, त्यामुळे बंद आणि अंधाऱ्या जागेत तो निवांत असतो. पण झाडावर राहणाऱ्या किंवा दिवसा फिरणाऱ्या जातीला रॅकमध्ये कोंबू नका, तिच्यासाठी तो नाहीच.

टबाच्या आकारावर कंजूषपणा नको. टबाची लांबी अधिक रुंदी ही बेरीज सापाच्या लांबीपेक्षा कमी नको, आणि हे मी कमीत कमी सांगतोय, साप सरळ ताणून पडू शकला तर उत्तमच. पूर्ण वाढलेला बॉल पायथन साधारण १ ते १.५ मीटर भरतो, त्यामुळे चपलांच्या खोक्याएवढ्या टबात मोठा साप ठेवलेला बघितला की जीव तुटतो.

टब बघायला पुण्यातल्या बोहरी आळीत जा, प्लास्टिकचा माल तिथं ढिगानं असतो. पलंगाखाली सरकवायचे बुटके लांब टब मागा. सगळे एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे घ्या आणि दोन जास्तीचे घेऊन ठेवा, कारण वर्षभरात कंपनी साचा बदलते आणि मग तडा गेलेल्या टबाच्या मापाचा दुसरा कुठंच मिळत नाही. घेताना तळ सपाट आहे ना ते हात फिरवून बघा, तळाला उंच पाय किंवा जाड रेघा असतील तर टेपची उष्णता नीट वर येत नाही. आणि बाजू दाबून बघा, लगेच आत जाणारा पातळ टब नको, साप नाकानं ढकलत बसतो आणि कड वाकली की फट झालीच.

आता माप. घरी आणून सगळे टब टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाची उंची मोजा, एकाच मॉडेलमध्येही एक-दोन मिलिमीटरचा फरक सापडतो, जो सगळ्यात उंच तो धरायचा. समजा तो १७.५ सेंटीमीटर आहे, तर खणाची आतली उंची १७.७ ठेवायची, म्हणजे फट २ मिलिमीटर. ३ च्या वर जाऊच देऊ नका, आणि नुकत्या जन्मलेल्या कॉर्न स्नेकला तर २ सुद्धा जास्त वाटते, तिथं चिमट्याच्या झाकणाचेच टब वापरा. चार खणांचा रॅक असेल तर चार वेळा १७.७ म्हणजे ७०.८, त्यात १८ मिलिमीटरच्या पाच फळ्यांचे ९, एकूण उंची ७९.८ सेंटीमीटर. हे कागदावर काढून सुताराच्या हातात द्या आणि टबही सोबत न्या, प्रत्येक खण लावल्यावर टब घालून सरकवून बघायचा, मगच पुढचा स्क्रू. सुतारमामा "अर्धा सेंटीमीटर मोकळं ठेवतो, अडकायला नको" म्हणणारच, कपाटासाठी ते बरोबर आहे, इथं नाही. त्यांना आधीच सांगा की आत साप राहणार आहे, मग बरोब्बर माप धरतात.

फट इतकी का जपायची, तर आपल्या सोसायट्यांमध्ये साप दिसला की आधी काठी येते, मग विचार येतो. तुमचा बिनविषारी कॉर्न स्नेक जिन्यात सापडला तर त्याला समजावून सांगायची संधी कुणी देणार नाही. म्हणून प्रत्येक टबासमोर आडवी पट्टी किंवा छोटी कडी लावाच, घरात लहान मुलं असतील तर कुलूप.

मटेरियलमध्ये एमडीएफ नको, पावसाळ्यात पाणी सांडलं की फुगतो आणि एकदा फुगला की टब अडकतात. टिंबर मार्केटमध्ये प्लाय घेणार असाल तर आयएस ७१० वाला वॉटरप्रूफ घ्या, आतून बाहेरून सनमायका, कडा बंद. नाहीतर किचन ट्रॉलीला वापरतात ती १८ मिलिमीटरची पीव्हीसी शीट, तिला ना पाणी लागत ना वाळवी, पुसायलाही सोपी, मी तीच सुचवीन, फक्त स्क्रू नीट धरेल अशी दाट शीट बघून घ्या. प्लाय आणि चिकटवलेला सनमायका असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, बाल्कनीत हवेला ठेवा.

टबाला हवेची भोकं सोल्डरिंग गनने पाडता येतात, पण उघड्यावर पाडा, धूर वाईट असतो. मोठ्या सापाला ५ मिलिमीटर, पिल्लांना ३ च्या आत. नंतर आतून बोट फिरवून बघा, टोचत असेल तर पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर साप त्यावर नाक घासून घासून जखम करून घेतो.

आता उष्णता, आणि इथं घाई करू नका. टेप टबाच्या मागच्या एक तृतीयांश भागाखालीच, म्हणजे मागे गरम आणि पुढे थंड, साप आपला आपण हलतो. फळीत टेपच्या जाडीची खाच मारून घ्या म्हणजे टब घासत नाही. बाहेरून मागवलेली टेप कधी कधी ११० व्होल्टची असते, ती आपल्या २३० वर लावायची नाही, पाकिटावर वाचून घ्या. बॉल पायथनला गरम बाजूचा तळ ३१ ते ३२ अंश, थंड बाजू २५ ते २७. कॉर्न स्नेकला गरम बाजू २९-३० आणि थंड बाजू २२-२५ बास. म्हणून एका रॅकमध्ये दोन्ही जाती नकोत, थर्मोस्टॅट एक आणि गरजा दोन.

थर्मोस्टॅटशिवाय टेप एक रात्रही लावायची नाही. नुसती टेप सापाचं पोट भाजू शकते, आणि साप चटका बसला तरी तिथून उठेलच असं नसतं. तपकीर गल्लीत डिजिटल थर्मोस्टॅट मिळतात, साधा चालू-बंद होणारा असला तरी चालतो, फक्त सगळ्या टेपांचे वॅट मिळवून त्याची रिले, म्हणजे आतला वीज चालू-बंद करणारा स्विच, तेवढी पेलते ना ते बघा. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं वायरीचं टोक, टबाच्या आत टाकू नका, साप तो हलवतो, पाण्यात ढकलतो, मग थर्मोस्टॅटला वाटतं थंड आहे आणि टेप तापतच राहते. प्रोब थेट हीट टेपवर, अॅल्युमिनियम टेपनं घट्ट, आणि सगळ्यात वरच्या खणात, कारण वरचा खण जास्त तापतो. टेपवर ३४ लावलं की आत तळाला साधारण ३१-३२ मिळतं, पण हे टबाच्या जाडीवर आहे, तुमच्या रॅकमध्ये इन्फ्रारेड गननं मोजूनच आकडा ठरवा. परवडत असेल तर दुसरा थर्मोस्टॅट त्याच लाइनमध्ये ३६ वर लावा, पहिला चालूच अडकला तर हा वीज तोडतो. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर.

एक लक्षात घ्या, थर्मोस्टॅट टेप बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात ३८-४० जातं, वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली भट्टी होते, रॅक तिथं नकोच, आतल्या भिंतीला ठेवा. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास उतरतो, तेव्हा रॅकच्या मागे आणि बाजूंना बाहेरून थर्माकोल लावला की टेपवरचा भार कमी होतो. वायर आणि टेपला मात्र थर्माकोल टेकू देऊ नका. लाइट जाते तिकडं रॅक इन्व्हर्टरवर घ्या. पावसाळ्यात दमटपणा आपोआप असतो, भोकं कमी असतील तर टबाला आतून पाणी सुटतं, ते सतत दिसलं तर भोकं वाढवा, कारण ओल्यात राहून सापाला श्वसनाचा त्रास होतो, तोंडाशी बुडबुडे दिसले की डॉक्टर. आणि डास मारायचे स्प्रे, डांबरगोळ्या, पेस्ट कंट्रोल त्या खोलीत नाही म्हणजे नाही.

आत काय घालायचं त्यात फार डोकं लावू नका. खाली कागद किंवा नारळाचा भुसा, पुढच्या बाजूला जड वाडगा पाण्याचा, आणि लपायला दोन जागा, एक गरम बाजूला एक थंड. कुंभारवाड्यातून छोट्या कुंड्या आणा, कडेला तोंड पाडून ती कड फरशीवर घासून बोथट करा, मातीची असल्यामुळे ओली केली की कात टाकायच्या वेळी ओलावाही धरते.

रॅक तयार झाला की साप न घालता आठवडाभर चालू ठेवा. टबात कागद, पाणी, कुंडी सगळं खरं घालून, सकाळ-दुपार-रात्र प्रत्येक खणाचं तापमान वहीत लिहा. दोन खणांत २ अंशांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर वरचा खण रिकामा ठेवा किंवा त्याची टेप वेगळ्या थर्मोस्टॅटवर घ्या. मग साप हलवा आणि आठवडाभर हात लावू नका, खायलाही देऊ नका, फक्त पाणी बदला. बॉल पायथन नवीन जागेत काही आठवडे खात नाही, थंडीत तर हमखास, वजन काट्यावर टिकून असेल तर थांबा. वजन उतरायला लागलं तर आधी गरम बाजूचा तळ पुन्हा मोजा, बहुतेक वेळा गडबड तिथंच असते, आणि तिथं सगळं बरोबर निघालं तर डॉक्टरकडे न्या.